निवडलेलें मूल आणि राहिलेलें मूल

मनुष्याच्या आयुष्यांत कांहीं प्रश्न असे असतात कीं, ते सोडवावयाचे असतात एकानें आणि त्यांचें फळ भोगावयाचें असतें दुसऱ्यानें. दहा वर्षांच्या मुलाला घरापासून दूर, निवासी शाळेंत पाठवावें कीं नाहीं, हा प्रश्न अशांपैकींच एक आहे. अर्जावर सही पालकाची असते, परीक्षेला बसतें मूल. निकालाचा आनंद साजरा करतें घर, आणि पहिल्या रात्रीं परक्या खोलींत जी उशी भिजते ती मुलाची. या सर्व व्यवहारांत आपण मुलांना काय सांगतों, आणि जें सांगतों तें खरें असतें काय, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो येथें करून पाहावयाचा आहे.

सोलापूर जिल्ह्यांतील पालकांना हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. मोहोळ तालुक्यांत पोखरापूर येथें जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें ज्या निवासी शाळांचा पुरस्कार केला, त्यांतील पहिल्या दोन १९८५-८६ सालीं हरियाणांत झज्जर येथें व आपल्या अमरावतीस निघाल्या. पुढें जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांचा विस्तार झाला. योजनेचा हेतु निःसंशय स्तुत्य आहे. खेड्यांतील बुद्धिमान मुलाला, त्याच्या बापाची ऐपत न पाहतां, उत्तम शिक्षण मिळावें. म्हणून निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठीं आणि एक तृतीयांश मुलींसाठीं राखलेल्या असतात, आणि शिकणें, राहणें व जेवणें यांचा भार सरकार उचलतें. मात्र सहाव्या इयत्तेंत एका शाळेला जागा फार तर ८०. त्यांच्यासाठीं जिल्ह्याच्या अकराहि तालुक्यांतून पांचवीचीं मुलें परीक्षेला बसतात. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. निम्मे गुण बुद्धिचाचणीचे, उरलेले अंकगणिताचे व भाषेचे. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा मुलाला एकदांच देतां येते.

मी स्वतः बरींच वर्षें प्राथमिक शाळेंत शिकवीत होतों, आणि अशा परीक्षांसाठीं मुलें तयार करीत होतों. त्यांतल्या दोघांची हकीकत सांगणें प्राप्त आहे. कारण या लेखाचा विषय मला त्यांनींच दिला. एकाच वाड्यांतले ते चुलतभाऊ, वर्गांत एकाच बाकावर बसणारे. शाळा भरण्यापूर्वीं तासभर मी त्यांच्याकडून आकृत्या व उदाहरणें करून घेत असें. मुलें कंटाळलीं म्हणजे मी म्हणे, "जो खरा हुशार असेल, तोच लागेल." उत्साह वाढावा एवढ्याचसाठीं उच्चारलेलें तें वाक्य होतें. पुढें निकाल लागला. थोरल्या भावाचा मुलगा लागला, धाकट्याचा राहिला. संध्याकाळीं वाड्यांत पेढे आले. लागलेल्या मुलाला नवे कपडे घालून देवाला नेलें होतें. म्हणून पुडा घेऊन घरोघर फिरण्याचें काम दुसऱ्याकडे आलें. यांत कोणाच्याहि मनांत दुष्टावा नव्हता. तो मुलगा माझ्या दारीं आला, त्यानें माझ्या हातावर पेढा ठेवला आणि विचारलें, "गुरुजी, मग मी खोटा हुशार होतों का?"

दोन महिन्यांनीं भेटीच्या दिवशीं त्या लागलेल्या मुलाच्या वडिलांबरोबर मीहि शाळेंत गेलों. आईनें कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून दिली होती. मुलानें डबा उघडला, पण तो जेवला नाहीं. "अण्णा, मला घरीं न्या," एवढेंच तो म्हणाला. वडील पाणी आणावयास गेले तेव्हां मीं त्याला जवळ घेऊन कारण विचारलें. तो खालीं पाहून म्हणाला, "गुरुजी, इथं सगळेच हुशार आहेत. मी चुकून लागलोंय."

घरीं परत येतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, या दोन मुलांचीं दुःखें दिसावयास परस्परविरुद्ध असलीं तरी त्यांचें मूळ एकच आहे, आणि तें मूळ माझ्या त्या वाक्यांत आहे. एकाला वाटलें, मी निवडला गेलों नाहीं म्हणून मी हलका. दुसऱ्याला वाटलें, मी निवडला गेलों खरा, पण येथें पहिला नाहीं, म्हणून मीहि हलकाच. निवड म्हणजे मनुष्याच्या किंमतीचा दाखला, ही समजूत दोघांनींहि माझ्यापासूनच घेतली होती.

या समजुतींत तथ्य किती? परीक्षा वास्तविक एवढेंच सांगते कीं, एका विशिष्ट दिवशीं, दोन तासांत, या मुलानें इतक्या प्रश्नांचीं उत्तरें बरोबर दिलीं. शेवटची जागा मिळविणारा आणि तिला थोडक्यांत मुकलेला यांच्यांत एखाद्या प्रश्नाचें अंतर असूं शकतें. आणि तो प्रश्न एखादी आकृति उलटी पाहण्याचा असूं शकतो. शिवाय त्या दोन तासांच्या मागें जें उभें असतें, तें सर्व मुलाचें स्वतःचें थोडेंच असतें? कोणाच्या घरीं अर्जाची मुदत ठाऊक होती, कोणाच्या घरीं नव्हती. कोणाला शिकविणारा भेटला, कोणाला भेटला नाहीं. कोणाचे आईबाप ऊसतोडीला गेल्यामुळें त्याला आजीजवळ धाकटीं भावंडें सांभाळीत बसावें लागलें. या साऱ्या गोष्टी उत्तरपत्रिकेवर उमटतात, पण त्यांचें नांव तेथें कोठेंहि लिहिलेलें नसतें.

यावरून परीक्षा नसावी, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. परीक्षा नसेल तर तिची जागा ओळख, शिफारस आणि पैसा हीं घेतील, आणि मग खेड्यांतल्या निराधार मुलाचें नांवहि त्या दारापर्यंत पोंचणार नाहीं. परीक्षा ही चाळणी आहे, आणि चाळणी आवश्यक आहे. परंतु चाळणीच्या भोंकाचा आकार मनुष्यानें ठरविलेला असतो, हें विसरतां कामा नये. तिच्यांतून जें खालीं पडलें त्या सर्वाला कोंडा म्हणणारी गृहिणी आपल्या घरीं तरी कोणी पाहिली नसेल.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो उपेक्षणीय नाहीं. यशांत योगायोगाचा वांटा आहे असें मुलाला सांगितलें, तर तो श्रम कशाला करील? जिंकण्याचा अभिमान हीच विद्यार्थ्याची प्रेरणा नव्हे काय? याचें उत्तर या जिल्ह्यांतील कोणताहि कोरडवाहू शेतकरी देईल. तो पावसावर अवलंबून आहे हें त्याला पुरतें ठाऊक असतें. तरी नांगरट, कुळवणी, पेरणी यांत तो कसूर करीत नाहीं. परतीचा पाऊस त्याच्या शिवारांत पडला आणि शेजारच्या शिवारांत पडला नाहीं, तर तो ज्वारीची रास घरीं आणतो. पण शेजाऱ्याला आळशी म्हणत नाहीं. श्रमाचें कौतुक करणें वेगळें, आणि श्रेष्ठत्वाचा दाखला देणें वेगळें. पहिल्यानें मुलगा पुन्हां कामाला लागतो. दुसऱ्यानें तो तो दाखला जपत बसतो, आणि दाखला फाटला कीं रडूं लागतो.

वसतिगृहाची कल्पना आपल्याकडे स्पर्धापरीक्षेच्या आधींची आहे. शाहू छत्रपतींनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांसाठीं व्हिक्टोरिया बोर्डिंग काढलें, आणि पुढें निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला. भाऊराव पाटलांनीं १९२४ मध्यें साताऱ्यास जें वसतिगृह सुरू केलें, त्यांत सर्व जातींचीं मुलें एका छपराखालीं राहत, एका पंक्तीला जेवत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याला शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. तेथील मुलांच्या अन्नासाठीं लक्ष्मीबाई पाटील यांनीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रहि मोडलें. त्या दाराशीं विचारला जाणारा मुख्य प्रश्न, "तूं कितवा आलास?" हा नव्हता, "तुला शिकावयाचें आहे, आणि घरीं सोय नाहीं ना?" असा होता. आपल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आख्यायिका सर्वश्रुत आहे. दुष्काळांत त्यांनीं बादशाही कोठारें उघडलीं, तीं भुकेसाठीं. पोतें नेणाऱ्याची योग्यता मोजण्यासाठीं नव्हे.

गरज सर्वांनाच आहे आणि जागा ८० आहेत, तेव्हां कोठाराच्या दाराशीं कांहीं तरी क्रम लावावाच लागतो. परीक्षा हा तो क्रम होय. पण क्रम लावला म्हणून कोठाराचें बक्षिसाच्या दुकानांत रूपांतर होत नाहीं. तेथें जो खर्च होतो तो सार्वजनिक आहे. ज्यांना जागा मिळाली नाहीं, त्यांच्या आईबापांनींहि लहानमोठ्या खरेदींत नकळत भरलेल्या करांतून तो होतो. मिळालेली जागा हें पारितोषिक नसून ऋण आहे, आणि त्या ऋणाच्या धनकोंत वाड्यांत राहिलेला तो चुलतभाऊहि आहे, हें निवडलेल्या मुलाला कोणी तरी सांगितलें पाहिजे.

हें सांगितल्यानें मुलगा दडपून जाईल असें कोणी म्हणेल. माझा अनुभव उलट आहे. नव्या शाळेंत रुळण्याला हें ज्ञान जेवढें उपयोगीं पडतें, तेवढें दुसरें कांहींच पडत नाहीं. आपापल्या गांवीं पहिले येणारे ऐंशीजण एका वर्गांत आले म्हणजे त्यांतील एकोणऐंशी जणांचा पहिला नंबर जाणार, हें गणित अटळ आहे. ज्याची सारी किंमत नंबरावर ठेवलेली असते, तो त्या दिवशीं उघडा पडतो. पण ज्याला आपण येथें शिकावयास आलों आहोंत एवढेंच ठाऊक असतें, त्याला शेजारचा हुशार मुलगा हा प्रतिस्पर्धी न वाटतां सोबती वाटतो. आणि या जिल्ह्यांत असे सोबती किती परींचे असतात! कोणाच्या घरीं तेलुगु, कोणाच्या घरीं कानडी, कोणाच्या तोंडीं माणदेशी मराठी. पुढें नववींत तर योजनेप्रमाणें ३० टक्के मुलें हिंदी भाषिक प्रांतांतल्या विद्यालयांत वर्षभर राहावयास जातात, आणि तिकडचीं इकडे येतात. हें सर्व ज्ञान गुणपत्रिकेंत मावणारें नाहीं.

छांदोग्य उपनिषदांत सत्यकाम जाबालाची कथा आहे. गौतमानें त्याला गोत्र विचारलें. आईलाहि तें ठाऊक नाहीं, असें त्यानें निर्भयपणें सांगितलें. आणि त्या सत्यासाठीं गुरूनें त्याला जवळ केलें. पण कथा तेथें संपत नाहीं. गुरूनें त्याच्या हवालीं चारशें रोडक्या गाई केल्या. त्यांच्या हजार होईपर्यंत तो रानांतच राहिला आणि तेथेंच शिकला. प्रवेश हा शिक्षणाचा आरंभ असतो, त्याचा निकाल नव्हे, हें त्या कथेंतील मला सर्वांत मोठें वाटलेलें मर्म होय.

मग "मला घरीं न्या" म्हणणाऱ्या मुलाला न्यावें कीं नाहीं? याला एकच उत्तर नाहीं. परंतु तें देण्यापूर्वीं मूल कशासाठीं रडतें हें ओळखलें पाहिजे. तें आईसाठीं रडत असेल, तर त्याला धीर द्यावा, वारंवार भेटावें. बहुधा दिवस जातील तसें तें दुःख निवळतें, आणि न निवळलें तर त्याला घरीं आणण्यांत कसलीहि अप्रतिष्ठा नाहीं. पण तें लाजेनें रडत असेल, तर काळ त्यावर औषध नव्हे. ती लाज आपण शिकविलेली असते. ती आपणच परत घेतली पाहिजे.

दिवाळीच्या सुटींत तो मुलगा घरीं आला तेव्हां मीं दोघांनाहि बोलावून ओट्यावर बसविलें आणि सांगितलें कीं, पूर्वीं मी तुम्हांला जें सांगत असें तें चुकीचें होतें. गुरुजी चुकतात हें ऐकून दोघांनाहि प्रथम हंसूं आलें. मग एकानें विचारलें, "म्हणजे हा माझ्याएवढाच हुशार आहे?" मीं म्हटलें, "तें मला मोजतां येत नाहीं, आणि त्या परीक्षेलाहि येत नाहीं." थोड्या वेळानें शाळेहून आलेल्या मुलानें आपली गणिताची वही आणली, आणि तीं दोघें पूर्वींप्रमाणें एका बाजूस बसून उदाहरणें सोडवूं लागलीं. माझें म्हणणें त्यांना कितपत पटलें हें मी सांगूं शकत नाहीं. सुटी संपल्यावर तो परत शाळेंत गेला, आणि ट्रंक उचलून गाडीपर्यंत पोंचवावयास दुसरा आपण होऊन गेला, एवढें मीं पाहिलें.