धर्माची गाय

दान घेणाराला आपल्या लोकांनीं एक शहाणपणाची गोष्ट शिकवून ठेवली आहे. 'धर्माचे गाई आणि दांत कां गे नाहीं', असें म्हणून फुकट मिळालेल्या वस्तूची चिकित्सा करणाराची थट्टा करण्याचा आपला जुना प्रघात आहे. परंतु ही म्हण घेणारासाठीं आहे. देणारानें तिच्या आडोशास उभें राहावें कीं काय, हा प्रश्न निराळा. कठोपनिषदांतील नचिकेता हा देणाराच्याच घरचा मुलगा. बाप यज्ञाची दक्षिणा म्हणून म्हाताऱ्या, भाकड गाई देऊं लागला, तेव्हां त्या गाईंचे दांत मोजले ते त्या पोरानें. घेणाऱ्या ब्राह्मणांपैकीं कोणी तक्रार केल्याचें तेथें सांगितलेलें नाहीं. शंका घरांतून आली, हेंच त्या कथेचें मर्म आहे.

या जुन्या प्रश्नाचें एक अगदीं नवें रूप समुद्राच्या तळाशीं पाहावयास मिळतें. निकामी झालेलीं जहाजें मुद्दाम बुडवून त्यांपासून जलचरांसाठीं कृत्रिम खडक निर्माण करण्याची पद्धति अनेक देशांत रूढ झाली आहे. अमेरिकेची 'ओरिस्कनी' ही विमानवाहू युद्धनौका हें तिचें एक ठळक उदाहरण होय. ९०० फुटांहून लांब असलेली ही नौका १९५० सालीं आरमारांत दाखल झाली. कोरिया व व्हिएतनाम येथील युद्धांत ती लढली. २६ ऑक्टोबर १९६६ रोजीं तिच्यावर लागलेल्या आगींत ४४ माणसें मृत्यु पावलीं. पुढें १७ मे २००६ रोजीं, फ्लॉरिडांतील पेन्साकोला शहरापासून दूर मेक्सिकोच्या आखातांत, स्फोटकांनीं तिचा तळ फोडण्यांत आला आणि अवघ्या ३७ मिनिटांत ती २१२ फूट खोल पाण्यांत जाऊन सरळ बसली.

वाळूच्या तळावर फारसें कांहीं रुजत नाहीं. प्रवाहाबरोबर वाहत येणारे अनेक सूक्ष्म जीव टेकण्यासाठीं कठीण जागा शोधीत असतात. पोलादाची भिंत मिळतांच शेवाळ, स्पंज, कालवें व प्रवाळ तिच्यावर बिऱ्हाड करतात. त्यांच्या आश्रयास लहान मासे येतात, आणि लहानांच्या मागोमाग मोठे. पाठीवर हवेची टांकी बांधून खालीं उतरणारा पाणबुड्या ही वसाहत प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहूं शकतो. ज्या सपाटीवरून बाँब घेऊन विमानें उडत, तिच्यावरून माशांचे थवे संथपणें जातांना पाहून ज्याचें मन हरखणार नाहीं, असा मनुष्य विरळा.

'मग वाद कशाचा?' असें कोणी सहज विचारील. मासा देणाराचा हेतु विचारीत नाहीं. त्याला घर मिळालें म्हणजे झालें. हा युक्तिवाद एकदम झिडकारण्यासारखा नाहीं. परंतु चांगलें फळ आपोआप हातीं येत नाहीं, हें त्याच फ्लॉरिडाच्या दुसऱ्या किनाऱ्यानें शिकविलें आहे. फोर्ट लॉडरडेलजवळ १९७२ च्या सुमारास मोटारींचे वीस लाखांहून अधिक जुने टायर गठ्ठे बांधून समुद्रांत सोडण्यांत आले. उद्देश हाच, माशांना घर मिळावें. प्रारंभाच्या समारंभांत सोनेरी रंग दिलेला एक टायर वायुनौकेंतून पाण्यांत टाकण्यांत आला. पुढें गठ्ठ्यांचे बंध तुटले. सुटे झालेले टायर वादळांत इकडेतिकडे लोटले जाऊं लागले, आणि जवळच्या नैसर्गिक प्रवाळांवर घासून व आदळून त्यांनीं त्यांचा नाश मांडला. २००७ पासून लष्करी पाणबुड्यांना ते वर काढण्याच्या कामास लावावें लागलें. गाईच्या शिंगांना सोनें लावलें होतें; दांत मात्र कोणी मोजले नव्हते.

दोन्ही ठिकाणीं दिली गेली ती अडगळच. तेव्हां दानाची योग्यता वस्तूच्या किंमतींत नाहीं, हें उघड आहे. ती, देणारानें वस्तूबरोबर स्वतःचें काय दिलें, यांत आहे. नचिकेता गाईंना नांवें ठेवून थांबला नाहीं; 'मला कोणाला देणार?' असें त्यानें बापाला विचारलें. ज्या दानांत देणाराचें स्वतःचें असें कांहीं जात नाहीं, तें दान नव्हे, ती घराची साफसफाई होय. जहाज बुडवितांना जें द्यावयाचें तें पोलाद नव्हे. तें धुण्याचे कष्ट, आणि बुडविल्यानंतरची दक्षता.

'ओरिस्कनी'वर हे कष्ट पुष्कळ झाले. तिच्यांतील तेल व इतर घातक द्रव्यें काढून टाकण्यांत आलीं. तरीहि तारांच्या वेष्टनांत व अशाच इतर पदार्थांत मुरलेलें पीसीबी नांवाचें विषारी रसायन सुमारें ७०० पौंड तिच्यांत राहिलें, आणि तें सरकारी परवानगीनेंच राहिलें. पुढें तेथें पकडलेल्या कांहीं माशांच्या शरीरांत तें सांपडलें. किती स्वच्छता पुरेशी, हें ठरविणारे आपण; परवाना देणारे आपण, घेणारेहि आपणच. त्या परवान्यावर समुद्राची सही नसते. ज्याला 'नको' म्हणतां येत नाहीं त्याला कांहीं देतांना देणाराचें उत्तरदायित्व दुणावतें. मुक्याला दिलेल्या घासाची चव देणारानेंच आधीं घेऊन पाहिली पाहिजे.

आणखी एक शंका उरते. अशा खडकांमुळें मासे खरोखर वाढतात, कीं इतरत्र विखुरलेले मासे केवळ एके ठिकाणीं जमतात, हा शास्त्रज्ञांमधील जुना वाद आहे. ते नुसते जमत असतील आणि जमलेल्यांवर जाळें पडत असेल, तर आपण बांधलें तें घर नव्हे. गळाला लावलेलें गांडूळहि माशाला दिलेलें अन्नच असतें. त्याला अन्नदान कोणी म्हणत नाहीं.

या सर्वांत पाणबुड्याचें स्थान कोणतें? पाण्यांत सोडलें म्हणजे सुटलों, ही माणसाची फार जुनी समजूत. १९४३ सालीं कुस्तो व गाग्नां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं पाण्याखालीं श्वास घेण्याचें जें साधन सिद्ध केलें, त्यानें त्या समजुतीचा आधारच काढून घेतला. आपण टाकलेल्या वस्तूचें काय झालें तें आतां जाऊन पाहतां येतें. १३० फुटांवर एकेका श्वासास पृष्ठभागाच्या सुमारें पांचपट हवा लागते. म्हणून तेथें राहणें मिनिटांचेंच. इतक्या कष्टानें मिळालेला वेळ त्यानें केवळ मौजेंत घालविला तर त्यांत पाप नाहीं. पण ज्या नौकेवर ४४ माणसें गेलीं तिच्यावरून तरंगतांना त्यानें याहून थोडें अधिक करावें, अशी अपेक्षा अवास्तव नव्हे. २००८ सालच्या एका वादळानें 'ओरिस्कनी' सुमारें १० फूट आणखी खालीं गेली. दिलेली वस्तु दिल्या ठिकाणीं दिल्या स्थितींत राहत नाहीं. तिच्यावर नजर ठेवणारा कोणी हवा. वरून पाहणाराला टायरांवरचें पाणी आणि जहाजावरचें पाणी सारखेंच निळें दिसतें. फरक कळतो तो खालीं उतरणाराला. देणाराच्या घरचा, आणि तरीहि दांत मोजणारा, असा नचिकेता व्हावयाचें असेल तर ती संधि त्यालाच आहे.

हा प्रश्न दूरदेशींचाच राहिलेला नाहीं. पोलंडमध्यें बांधलेली व १९८५ सालीं भारतीय नौदलांत आलेली 'गुलदार' ही नौका १२ जानेवारी २०२४ रोजीं निवृत्त झाली, आणि ती सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील निवतीच्या खडकांजवळ बुडवून तेथें पाण्याखालचें संग्रहालय व कृत्रिम खडक करण्याची योजना महाराष्ट्रांत हातीं घेण्यांत आली. योजना स्वागतार्ह आहे. कोंकणच्या समुद्रानें आपल्याला शतकानुशतकें पोसलें. त्याला कांहीं परत द्यावें, ही इच्छा चांगलीच. तो समुद्र जें देऊं तें मुकाट्यानें घेईल, ही खातरी मात्र आपल्याला समाधान देणारी नसावी, सावध करणारी असावी. धर्माच्या गाईचे दांत तो मोजणार नाहीं. तें काम घरच्या माणसांचें आहे.