माइक कुणाच्या जागेवर?

नारायणगावच्या घरी आमचा हॉल बारा फूट लांब. मागच्या भिंतीला टेकलेल्या माझ्या खुर्चीवर ४७ हर्ट्झच्या आसपास बास नुसता घुमायचा. दोष स्पीकरचा नव्हता, समोरासमोरच्या भिंतींचा होता. म्हणून रूम करेक्शन सॉफ्टवेअर शोधलं. आरईडब्ल्यू फुकट, पण फिल्टर आपणच बसवायचे. डिराक लाइव्ह विकत, पण बरंच काही आपोआप करतं. मी फुकटचं घेतलं, माइक खुर्चीवर ठेवला, आलेख सपाट केला.

आई म्हणाली, “अरे, आता गाणं पोकळ वाटतंय.”

ती हॉलच्या मध्यावर बसते. तिथे तो स्वर मुळातच क्षीण. मी तो आणखी कापला होता.

म्हणजे खरा प्रश्न कुठलं सॉफ्टवेअर, हा नव्हताच. माइक कुणाच्या जागेवर, हा होता. जिथे मोजाल, तिथलाच दोष सॉफ्टवेअरला दिसतो. बाकीच्यांचं नुकसान आलेखात येतच नाही.

आमचं गाव विठाबाईंचं, तमाशाच्या फडांचं. तिथला आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचावा लागतो.

मग पाच जागी मोजून सरासरी काढली. माझ्या खुर्चीवर बास आता थोडा घुमतो. घुमू दे.