अधिकार, वारसा आणि सात-बारा

विद्यापीठांतील राखीव जागांचा वाद महाराष्ट्रात बहुधा टक्केवारीच्या आणि न्यायालयीन निकालांच्या भाषेत चालतो. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र जुना आहे, तो म्हणजे ज्ञानावर अधिकार कोणाचा आणि तो कशावरून ठरवावा. परंपरेने त्याला ‘अधिकारभेदा’च्या सिद्धान्ताने उत्तर दिले. प्रत्येकाची ग्रहणशक्ती निराळी असल्याने ज्याला जेवढी झेपेल तेवढीच विद्या द्यावी, हे त्याचे तत्त्व. व्यवहारात मात्र ग्रहणशक्तीची परीक्षा न घेताच जन्मावरून निवाडा होई. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात या निवाड्यावर नेमके बोट ठेवलेले आहे. वेद संपन्न खरा, पण तीनच वर्णांच्या कानी लागणारा म्हणून कृपण. स्त्रीशूद्रांना वगळल्याचे हे उणे फेडण्यासाठी तो गीतारूपाने सर्वांना सेव्य झाला, असा तेथील आशय आहे. दोष वंचितांच्या पात्रतेत नसून ज्ञान राखून ठेवणाऱ्याच्या कृपणतेत आहे, ही त्यातील लक्षणीय भूमिका होय.

विद्यापीठ-प्रवेशाबाबतचा अमेरिकेतील युक्तिवाद या भूमिकेहून वेगळा होता. विविधतेमुळे सर्वच विद्यार्थ्यांचे शिक्षण समृद्ध होते, या आधारावर तेथे 1978 पासून प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मुभा होती, आणि 2023 मध्ये हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत तिचा पायाच काढून घेतला गेला. ज्याला वगळले त्याचा हक्क इतरांच्या लाभावर टांगून ठेवणारी ही मांडणी मुळातच लंगडी होती. याउलट भारतात 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद 15(4) थेट सामाजिक व शैक्षणिक मागासलेपणाचा आधार घेतो.

राखीव जागांच्या विरोधकांचा सर्वांत बळकट आक्षेप भारतीय दर्शनांच्या परिभाषेत ‘अकृताभ्यागमा’चा, म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागण्याचा आहे : पूर्वजांनी केलेल्या अन्यायाची भरपाई आजच्या विद्यार्थ्याने का करावी? परंतु हाच निकष वारशाला लावला, तर वडिलोपार्जित जमीन, घरातील पुस्तके आणि शिकलेली आई हीदेखील न केलेल्या कर्माचीच फळे ठरतात. धर्मशास्त्राने पित्याचे ऋण पुत्रावर ठेवले होते, आणि मुंबई प्रांतातील 1866 च्या कायद्याने ही जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरती सीमित केली. वारसा घ्यावा आणि ऋण नाकारावे, अशी सोय दोहोंतही नव्हती.

वारशाच्या अशा लाभाचे बोलके उदाहरण ज्ञानेश्वरीच्या याच अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. राहुरी येथे 1968 मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला महात्मा फुले यांचे नाव आहे. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, अशी तक्रार फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे मांडली होती. राज्यातील कृषी विद्यापीठांच्या पदवी प्रवेशात, शेतजमीन असलेल्या कुटुंबातील उमेदवाराला सात-बाराच्या आधारे गुणांचा अधिभार देण्याची पद्धत रुळलेली आहे. शेतीची शास्त्रे शेतकऱ्याच्या घरी परत जावीत, हा तिच्यामागील विचार योग्यच आहे, आणि तिने गुणवत्ता बुडाल्याची ओरड फारशी ऐकू येत नाही. मात्र सात-बारा कष्टाची नव्हे, मालकीची नोंद करतो. पाथर्डी तालुक्यातून दर हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या भूमिहीन मजुराची मुलगी ऊस जवळून ओळखत असली, तरी सात-बाराच्या आधारे मिळणारा अधिभार तिच्या वाट्याला येत नाही. तिच्यापुढे बहुधा राखीव जागांचाच मार्ग उरतो, आणि गुणवत्तेचा प्रश्न नेमका तेथेच विचारला जातो.

तरीही आक्षेपाचा काही अंश शिल्लक राहतो. ऋण वारशापुरतेच असेल, तर ज्याला वारसा जवळपास मिळालाच नाही अशा खुल्या प्रवर्गातील गरीब विद्यार्थ्याकडून ते किती वसूल करावे? 2019 मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी आलेल्या 10 टक्के तरतुदीने या प्रश्नाची दखल घेतली खरी, पण अनुसूचित जाती-जमाती व इतर मागास प्रवर्गांतील गरिबांना तिच्यातून वगळल्यामुळे, दारिद्र्य हा निकष मानूनही जन्माची अट पुन्हा आत आली.