प्रार्थनेची भाषा कुणाची?

देवाशी बोलण्याची भाषा सर्वांना खुली असावी, की ज्या समाजाची ती आहे त्याच्याच ताब्यात राहावी, या प्रश्नाला उत्तर अमेरिकेत एकमेकांना छेद देणारी उत्तरे मिळाली आहेत. युरोपीय येण्यापूर्वी मेक्सिकोच्या उत्तरेला सुमारे 300 भाषा बोलल्या जात असाव्यात, आणि त्यांची कुळे पन्नासहून अधिक होती. पुढे त्यांत स्थलांतरितांच्या भाषांची भर पडली. त्यांतल्या काही भाषा तर केवळ धर्माच्या आधाराने टिकल्या.

प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचे उत्तर सरळ होते. देवाला सगळ्या भाषा कळतात, तेव्हा त्याचे वचन प्रत्येक भाषेत पोचवावे. जॉन एलियट या प्युरिटन धर्मोपदेशकाचे वाम्पानोआग लोकांच्या भाषेतले बायबल 1663 साली मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे छापून पूर्ण झाले. अमेरिका खंडात छापलेले पहिले संपूर्ण बायबल इंग्रजीत नव्हे, तर या भाषेत निघाले. निपमक जमातीचा जेम्स प्रिंटर त्याच छापखान्यात खिळे जुळवत असे, आणि स्थानिक दुभाष्यांवाचून हे भाषांतर एलियटच्या हातून झालेच नसते. भाषांतरकार म्हणून नाव मात्र त्याच्या एकट्याचे लागले. ग्रंथाचा हेतू उघड होता: या लोकांनी आपला जुना धर्म सोडावा. पुढे एकोणिसाव्या शतकात भाषाही बोलण्यातून गेली. 1993 मध्ये जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ती परत आणण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांना सर्वांत मोठा आधार मिळाला तो याच बायबलचा आणि वाम्पानोआग लोकांनी स्वतः लिहून ठेवलेल्या जमिनीच्या कागदपत्रांचा. केनेथ हेल या भाषाशास्त्रज्ञाची त्यांना साथ होती. बेअर्ड यांची मुलगी ही भाषा घरात बोलतच वाढली. जो ग्रंथ एक श्रद्धा पुसण्यासाठी निघाला, त्यानेच त्या लोकांची वाणी जपून ठेवली. तरी एलियटची पाटी एवढ्याने कोरी होत नाही.

न्यू मेक्सिकोतील प्वेब्लो समाजांनी अगदी उलट वाट धरली. स्पॅनिश पाद्र्यांनी त्यांच्या पूजाविधींवर बंदी घातली होती. 1680 मध्ये त्यांनी उठाव करून स्पॅनिशांना हाकलले. बारा वर्षांनी सत्ता परत आली, पण विधी बाहेरच्यांच्या नजरेआडच राहिले, आणि ‘किवा’ या विधिगृहांत आजही परक्यांना प्रवेश नसतो. हेमेझ प्वेब्लोची टोवा ही भाषा जगात फक्त तेथेच बोलली जाते, आणि ती लिहायची नाही असा समाजाचा नियम आहे. प्वेब्लो समजुतीनुसार विधीतला शब्द हे एक कृत्य असते. ते योग्य ऋतूत, अधिकारी माणसाने, अधिकारी श्रोत्यांपुढेच घडावे लागते. देवाला सगळ्या भाषा कळतात हा युक्तिवाद येथे लागूच पडत नाही, कारण मुद्दा देवाला कळण्याचा नसून बोलणाऱ्याच्या अधिकाराचा आहे.

मराठी वाचकाला हा पेच अनोळखी नाही. चक्रधरांच्या परंपरेने संस्कृत बाजूला सारून सामान्य स्त्रीपुरुषांना कळावे म्हणून मराठीचा आग्रह धरला, आणि त्याच महानुभाव पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत झाकून ठेवले.

ज्ञान साऱ्या मानवजातीचे असते, असा अशा गुप्ततेवर अभ्यासकांचा आक्षेप असतो. तत्त्व म्हणून तो भारदस्त आहे, पण तो कोण कुणाला सांगते हेही पाहावे लागते. 1879 साली सुरू झालेल्या कार्लाइल या सरकारी निवासी शाळेत मूलनिवासी मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. 1883 च्या सरकारी नियमांनी मूलनिवासींची धार्मिक नृत्ये गुन्हा ठरवली. त्याच काळात अमेरिकी संशोधक वह्या घेऊन गावोगावी हिंडत होते. मानववंशशास्त्रज्ञ एल्सी क्लूज पार्सन्स यांच्या 1936 च्या पुस्तकाने ताओस प्वेब्लोत संताप उसळला, आणि 1998 चा होपी शब्दकोशही जमातीकडून हरकती आल्यावाचून निघाला नाही. परवानगी मागणे ही अभ्यासकाची मेहेरबानी नव्हे. गुप्ततेलाही किंमत मोजावी लागतेच: न लिहिलेली भाषा घराघरांतून पुढे गेली नाही, तर मागे एलियटचे बायबलही उरत नाही.

स्थलांतरितांपैकी आमिश लोकांनी तिसरा मार्ग काढला. घरात पेनसिल्व्हेनिया जर्मन, उपासनेत ल्यूथरच्या बायबलचे प्रमाण जर्मन, बाहेरच्यांशी इंग्रजी. यात लपवालपवी नाही, जगापासून अंतर राखणे आहे. जर्मन स्थलांतरितांच्या बहुतेक ल्यूथरन चर्चना मात्र ते साधले नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेविषयी द्वेष पेटला आणि मे 1918 मध्ये आयोवाच्या राज्यपालाने चर्चमधील उपासनेसकट सर्व सार्वजनिक ठिकाणी इंग्रजीची सक्ती केली. नेब्रास्कात 1920 साली रॉबर्ट मायर या शिक्षकावर खटला झाला, तो चर्चच्या शाळेत मुलाला बायबलमधील गोष्ट जर्मनमधून शिकवल्याबद्दल. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. निकालाचा आधार धर्मस्वातंत्र्य नव्हता, तर शिक्षकाचा शिकवण्याचा आणि पालकांचा शिकवून घेण्याचा हक्क होता. सरकारी निवासी शाळांत शिकणाऱ्या मूलनिवासी मुलांच्या आईवडिलांपर्यंत हा हक्क तेव्हा पोचलाच नाही. त्यांच्या भाषा जपण्याचे आणि वाढवण्याचे धोरण अमेरिकी कायद्यात आले ते 1990 मध्ये.