माया बांधते की मोकळं करते?

आसक्ती म्हणजे बंधन, असं वैराग्य शिकवणारे ग्रंथ शतकानुशतकं सांगत आले. रांगणारं मूल मात्र वेगळी साक्ष देतं.

१९५४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ युगांडात, कंपालाजवळच्या गावांत घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांना न्याहाळू लागल्या. २६ कुटुंबं, २८ बाळं. आई दूध पाजते म्हणून बाळाला तिचा लळा लागतो, असा तेव्हाचा समज होता. त्यांना दिसलं ते निराळं. आई शेजारी असली की बाळ तिच्यापासून दूर रांगत जातं, वस्तू चाचपतं, मागे वळून पाहतं, पुन्हा पुढे सरकतं. ती उठून गेली की त्याचा शोधही थांबतो. म्हणजे ज्याला आपण मोह म्हणतो, त्याच्याच बळावर ते जगाकडे निघालेलं असतं!

प्रपंचाच्या मोहाविरुद्ध बजावणाऱ्या वारकरी संतांनी विठ्ठलाला माउली म्हणूनच हाक मारली, हे इथे आठवायला हवं. त्यांना आधार नाकारायचा नव्हता.

पुढे बाल्टिमोरमध्ये एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या मुलांना अनोळखी खोलीत ठेवून पाहिलं. आई बाहेर जाताच अनेक मुलं रडली. पण तिच्यावर भरवसा असलेली मुलं ती परतल्यावर तिला बिलगली, शांत झाली आणि पुन्हा खेळण्यांकडे वळली.