ताळा कोणी करावा?

विद्यार्थ्याने गणित शिकताना कॅल्क्युलेटर वापरावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा वाटतो. माझ्या मते तो जबाबदारीचा आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ दहावीच्या गणिताच्या परीक्षेत सर्वसाधारण विद्यार्थ्यास कॅल्क्युलेटर नेऊ देत नाही. परंतु परीक्षेचे तीन तास वगळता तो मोबाइलच्या रूपाने सदैव हाताशी असतोच. तेव्हा नुसत्या बंदीने काही साधत नाही.

जुन्या पिढीचा आग्रह पाढ्यांचा. पांढुर्णा-सौंसर भागातील आपल्या अनेक घरांत शाळेची भाषा हिंदी आणि पाढे मात्र मराठी, अशी जोडी नांदली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सारे वडीलधाऱ्यांना मुखोद्गत असे. पण या अपूर्णांकांच्या पाढ्यांना आधार होता तो सोळा आण्यांच्या रुपयाचा आणि चाळीस शेरांच्या मणाचा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढे किलोग्रॅम आला, आणि औटकीचे व्यवहारातील काम संपले. तिच्यासाठी हळहळण्याचे कारण मला दिसत नाही. छडीच्या धाकाने घोकलेल्या सगळ्याच पाढ्यांतून समज आली, असेही नाही.

मग राखायचे काय? समजा, १८ क्विंटल ४० किलो कापूस ७,००० रुपये क्विंटल भावाने विकला. रक्कम होते १,२८,८०० रुपये. यंत्रात १८.४ ऐवजी चुकून १४.८ दाबले गेले, तर ते तितक्याच निःशंकपणे १,०३,६०० दाखवील. शेतकऱ्याचे २५,२०० रुपये गेले, आणि लबाडी तर कोणीच केलेली नाही! गंमत अशी की, नवाचा ताळाही येथे हात टेकतो. कारण १८४ आणि १४८ या दोहोंच्या अंकांची बेरीज तेराच. उपयोगी पडते ते 'अठरा साते सव्वीसाशे' एवढेच. रक्कम सव्वा लाखाच्या वर हवी, हे ज्याच्या मनात आधीच उमटते तो थबकतो. इतर पावती घडी करून खिशात ठेवतात.

आपल्याकडे शिकलेल्या मुलाने पावतीवरून नजर फिरवून मान हलवली की बाप निर्धास्त होतो. त्या विश्वासास मुलगा पात्र असावा, ही अपेक्षा काही फार मोठी नव्हे. म्हणून अंदाज बांधण्याची सवय जडेपर्यंत त्याच्या हाती यंत्र देऊ नये, असे मला वाटते. त्यानंतर अवश्य द्यावे. चक्रवाढ व्याजाच्या लांबलचक गुणाकारांत त्याचे दिवस घालवण्यात कसले पुण्य? मात्र बटण दाबण्यापूर्वी उत्तर साधारण किती येईल, हे त्याने वहीत लिहावे आणि गुरुजींनी त्यालाही गुण द्यावेत.