हवा, पाणी आणि हयातीचा दाखला

चामटोलीत बर्फ दोनच ठिकाणी पाहायला मिळतो: मासळीच्या पाटीत आणि उसाच्या रसाच्या ग्लासात. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे कर्जतच्या बाजूने गार वारा सुटला, की आम्ही मंडळी कानाला मफलर गुंडाळून ‘यंदा थंडी भयंकर हो!’ असे एकमेकांना सांगतो आणि बदलापूरला लोकलमध्ये शिरल्यावर तोच मफलर घाम पुसायला वापरतो. अशा गावच्या माणसाने ट्रकच्या हवेच्या नळ्या गोठण्यावर लिहावे, हा आगाऊपणा आहे खरा. पण आमच्या शेजारी ट्रेलरमामा राहतात, आणि रविवारी सकाळी त्यांना दुसरे कुणी ऐकायला मिळत नाही.

मामा हल्ली न्हावाशेव्याहून अंबरनाथच्या एमआयडीसीत कंटेनर आणतात. उमेदीच्या काळात मात्र ते दहा चाकी ट्रक घेऊन झोजिला ओलांडून द्रास-कारगिलकडे जात. हिवाळ्यात द्रासचा पारा उणे वीसच्याही खाली उतरतो. रस्ता बंद होण्याआधीच्या शेवटच्या खेपा म्हणजे कसोटीच.

‘‘मामा, हवा गोठते म्हणजे काय होतं?’’ मी विचारले.

‘‘हवा नाय गोठत साहेब. तिच्यातलं पाणी गोठतं.’’

मोठ्या ट्रकचा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो. इंजिनावरचा कंप्रेसर बाहेरची हवा ओढून टाक्यांत कोंबतो. दाबली की ती तापते, टाकीत जाऊन निवते, आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साचते. ते रोज टाकीखालचा वॉल्व्ह उघडून काढायचे. नव्या गाड्यांना हवा सुकवणारा ड्रायर असतो, पण त्यातले दाणे जुने झाले की पाणी पुढे सरकतेच. अमेरिका-कॅनडात अशा वेळी नळ्यांत अल्कोहोल सोडण्याची रीत आहे. (‘‘गाडीला, ड्रायव्हरला नव्हे,’’ असा खुलासा मामांनी मामींकडे बघत केला.) आळस केला की थेंबभर पाणी वॉल्व्हच्या तोंडाशी बसून गोठते. काटा टाकीत भरपूर हवा दाखवतो. चाकापर्यंत मात्र काहीच पोचत नाही.

आता इथे तत्त्वज्ञान सुरू होते. मला वाटे, पाय दाबला की हवा येते नि ब्रेक लागतो. ते खरेच, पण अर्धे. मागच्या चाकांवर दणकट स्प्रिंगा असतात आणि त्यांचा मूळ स्वभावच ब्रेक आवळण्याचा. हवेने त्यांना सारखे मागे रेटून धरावे तेव्हा गाडी चालते. हवा गेली की गाडी जागच्या जागी. ही अक्कल आधी रेल्वेला सुचली. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या १८६९ सालच्या ब्रेकमध्ये नळी फुटली की ब्रेकच नाहीसा होई. १८७२ मध्ये त्याने सगळे उलटे केले: नळी फुटली की ब्रेक लागायचा. आजही मेलगाडीत साखळी ओढली की हवा सुटते आणि गाडी थांबते, ती त्याच हिशेबाने.

शंका आली की थांब! मी तर भारावून गेलो. आमच्या बँकेचे सारे शास्त्र हेच नाही काय? तिजोरीला दोन चाव्या, व्हाउचरवर दोन सह्या. बी.कॉम.लाही हेच शिकवले: नफा हातात येईपर्यंत मोजू नये, तोट्याची नुसती चाहूल लागली तरी मांडून ठेवावा. मी हे मामांना उत्साहाने ऐकवले.

‘‘बरोबर हाय,’’ मामा म्हणाले. ‘‘पण वर घाटात रात्री ब्रेक सुटेना, तवा गाडी एकदम शेफ होती. मी नव्हतो.’’

या वाक्यामुळे माझा रविवार फुकट गेला. कारण मला आजी आठवल्या.

पेन्शनवाल्यांनी दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. दाखला नाही तर पेन्शन बंद, म्हणजे स्प्रिंगच. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावरही देता येतो. आजी रेल्वेतल्या खलाशाच्या विधवा. आयुष्यभर चार घरची भांडी घासून बोटावरच्या रेघा राखेबरोबर वाहून गेलेल्या. यंत्राने पाच वेळा नकार दिला. मागची रांग कुरकुरू लागली. आजी म्हणाल्या, ‘‘म्या जित्ती हाय रं बाबा, ह्याला सांग की.’’ हिशेबाने पाहिले तर त्या क्षणी बँक अगदी सुरक्षित होती. एक पैसाही चुकीच्या माणसाला जाणार नव्हता. औषधाच्या दुकानात आजींची उधारी होती, ती कुठल्याच काट्यावर दिसत नव्हती.

मग स्प्रिंग काढूनच टाकावी काय? तसे म्हणणाऱ्याने मेलेल्या माणसांच्या नावे वर्षानुवर्षे उचललेली पेन्शन पाहिलेली नसते. मामांनाही मी तेच विचारले. नळीखाली चिंध्यांचा बोळा पेटवणारे बहाद्दर असतात, म्हणाले, पण नळी रबराची. ती वितळली की कायमचा मुक्काम. मात्र स्प्रिंगेच्या डब्याला पाठीमागून एक लांब बोल्ट लावता येतो. तो पान्याने फिरवला की स्प्रिंग हवेविनाच मागे ओढली जाते.

‘‘मग सगळेच तसं का करत नाहीत?’’

‘‘आधी चाकांना दगड लावावं लागत्यात. थंडीत गाडीखाली झोपावं लागतं. एकेका चाकाला.’’

आमच्याकडेही बोल्ट होता. माणूस समोर बसला आहे असे अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहून कागदी दाखल्यावर सही करायची, ही सोय मशीन येण्यापूर्वीपासून आहे आणि आजही आहे. फॉर्म खालच्या खणात, जुन्या कॅलेंडरांखाली सापडला. अधिकाऱ्यांनी आजींचे पेन्शनचे कागद, फोटो, चेहरा असे तीनदा ताडून पाहिले, खुर्ची पुढे ओढली आणि सही केली. वीस मिनिटे गेली. तेवढ्यात रांगेतल्या एका गृहस्थांनी तक्रारवही मागितली. ती मी अदबीने दिली.

ऐंशीच्या पुढच्यांना केंद्र सरकारने १ ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची मुभा ठेवली आहे. आजी आता त्या वयात आल्या आहेत, तेव्हा यंदा गर्दी व्हायच्या आतच हजर झाल्या. यंत्राकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. थेट माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, ‘‘तो कागुद काढ. खालच्या खणात हाय.’’